हलवून कळत नाही

६ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी आपणहून लिहीत नाहीये, ते आधीच सांगतो. मला लिहायला लावलंय. फोन केला असता, पण 'यापुढे मला फोन करायचा नाही' असं मीच तुला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सुनावलं होतं, आणि तू ते इतकं मनावर घेतलंस की माझा नंबरच बंद करून टाकलास. अकरा महिने झाले त्याला. तेव्हा आता तक्रार करायला मला तोंड नाही.

कामाचं बोलतो. भिंगरीला आता वेगळ्या दवाखान्यात न्यायला लागलोय. मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर. ज्या मुलांचा दमा नेहमीच्या औषधांना दाद देत नाही त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा, बुधवारी असतो. तुझ्या घरच्या त्या प्रकारानंतर पोरगी आणखी दोनदा भरती झाली, हे तुला माहीत नसेल. नऊ वर्षांची पोर, गोळ्यांनी गाल टरारलेत. वर्गातली मुलं भोपळा म्हणतात. मी चिडलो, तर मलाच म्हणते, "असू दे हो बाबा, आधी काडी म्हणायचे."

या दवाखान्याची तऱ्हाच वेगळी आहे. आपण एका खोलीत बसून राहायचं आणि ते एकेक जण आपल्याकडे येतात. आधी नर्स येते, ती सगळं लिहून घेते. मग एक मुलगा नळीत फुंकायला लावतो आणि आकडा बघतो. मग श्वासाचा व्यायाम शिकवणाऱ्या बाई, मग खाण्यापिण्याचं बघणाऱ्या बाई, मग एक किडकिडीत फार्मासिस्ट, जो इतका हळू बोलतो की आपल्याला पुढे वाकावं लागतं. सगळ्यात शेवटी समुपदेशक बाई, त्या येतात आणि खुर्ची सोडून सरळ जमिनीवर बसतात. मग सगळे शेजारच्या खोलीत जाऊन दार लावून घेतात. काचेतून दिसतं, ऐकू काही येत नाही. अर्धा तास आपल्याच पोरीबद्दल बोलतायत आणि आपण बाहेर हातावर हात ठेवून बसलोय. भिंगरीच्या आईने सगळ्या नखांचा चट्टामट्टा केला.

डॉक्टरीणबाई वयस्कर आहेत, बुटक्या, आवाज मात्र खणखणीत. म्हणाल्या, एक इंजेक्शन आहे, दर पंधरा दिवसांनी घ्यायचं, भिंगरीला कदाचित चालेल. पण ते शेवटी. आधी आम्ही घर बघतो, पंप देणारा हात बघतो, औषध खरंच छातीपर्यंत पोचतंय का ते बघतो. आणि त्यांना तुझ्या घरची ती दुपार हवी आहे. म्हणाल्या, बाकीचे अटॅक समजतात, हा समजत नाही. पंप दिल्यावर थोडा तरी फरक पडतोच, इथे अजिबात कसा नाही? मी म्हटलं, मी सांगतो. त्यांनी विचारलं, "तुम्ही तिथे होतात का?" म्हटलं, नव्हतो, माझी बहीण होती. "मग तुम्ही नका सांगू, त्यांच्याकडून आणा," म्हणाल्या. ही खिडकीबाहेर बघत बसली.

तेव्हा मला हे हवंय: किती वाजता सुरू झालं, किती फवारे दिलेस, प्लास्टिकच्या नळीतून की थेट तोंडात, मध्ये किती वेळ गेला. तू तेव्हा एका चिठ्ठीवर वेळा लिहिल्या होत्यास. ती सध्या माझ्याजवळ नाही. पण शाळेच्या प्रयोगशाळेत थेंब मोजण्यात जिचा जन्म गेला, तिला आठवायला जड जाऊ नये.

माझं मत तुला ठाऊक आहे आणि ते बदललेलं नाही. वेळेवर पंप दिला असतास तर पोर अतिदक्षता विभागात गेली नसती. पण त्यांना माझं मत नकोय, वेळा हव्यात.

धाकटा

ता. क. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. तुझी भावजय पोस्टाच्या खिडकीत बसते हे तू विसरली नसशीलच. हे पत्रही मी तिचं पोस्ट टाळून लांबच्या पेटीत टाकतोय.

१८ फेब्रुवारी

ताई,

तुझा कागद मिळाला. 'प्रिय' नाही, 'आशीर्वाद' नाही, खाली सहीसुद्धा नाही. प्रयोगवहीसारखे तीन रकाने: वेळ, कृती, निरीक्षण. मी दुकानात स्टुलावर बसून वाचला. समोर एका शाळेचे आग विझवायचे आठ सिलिंडर भरायला आले होते, ते तसेच राहिले.

'४.०५ खोकला सुरू. ४.१० दोन फवारे, नळीतून. फरक नाही. ४.१५ चार फवारे. फरक नाही. ४.२५ सहा फवारे. फवारा येतो आहे, मुलगी म्हणते गार लागतं. फरक नाही. ४.३० गाडी बोलावली. ४.४० ओठ निळसर. फवारे चालू.'

खोकल्यापासून पंपापर्यंत पाच मिनिटं. मी सगळ्यांना अर्धा तास सांगत आलोय. शेजाऱ्यांना, हिच्या माहेरी, दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांना. तो अर्धा तास माझ्या डोक्यात आला कुठून, ते मलाच आठवत नाही. खोटं कशाला सांगू, हे सगळं तू नंतर बसून रचलं नसशील कशावरून, असंही मनात येऊन गेलं. मग फोनच्या दोन ओळी वाचल्या. '४.३५ भावाला फोन. उचलला नाही. ४.५० पुन्हा. उचलला नाही.' त्या वेळी मी एका ऑफिसात आग विझवायचं प्रात्यक्षिक दाखवत होतो. फोन टेबलावर उलटा ठेवला होता. रचणारा माणूस असल्या ओळी लिहीत नाही.

असो. कागद मी दवाखान्याच्या पुढच्या बुधवारी दाखवतो.

मधल्या काळात इथे एक रामायण झालं. नर्स घर बघायला आली. मला वाटलं, पाच मिनिटं डोकावेल, चहा घेईल, जाईल. तिने गाद्या उचलून पाहिल्या, मोरीच्या भिंतीवर बोट फिरवलं, कपाट हलवायला लावून मागची बुरशी शोधली. मी तिच्या मागेमागे फिरत तुझ्या घराबद्दल सांगत होतो. म्हटलं, खरं बघायचं तर तिकडे बघा, माझ्या बहिणीकडे जुनी पुस्तकं आहेत, मांजर आहे, वर कुंड्या. ती हं हं करत होती. मग तिने भिंगरीच्या पलंगामागचं दार ओढलं आणि खुंटीवर माझा कामाचा डगला.

तिने बाही झटकली. सिलिंडरमधली पावडर तू पाहिली आहेस, मैद्यासारखी बारीक असते. ती हवेत उडाली आणि उन्हाच्या तिरिपेत दिसत राहिली. "हा रोज इथेच असतो?" तिने विचारलं. म्हटलं, दुसरीकडे जागा नाही. "आणि घरी आल्यावर मुलीला जवळ घेता?" म्हटलं, घेणारच, ती दारातच येऊन कमरेला मिठी मारते. नर्सने ते वहीत लिहिलं. तोंडात मारल्यासारखं झालं. निघताना तुझ्या मांजराबद्दल विचारलं. मी म्हटलं, भिंगरीची तपासणी झाली, मांजराचं काही निघालं नाही. तर म्हणते, "मग ते राहू द्या की."

आता डगला दुकानात राहतो. मी तिथेच हातपाय धुऊन, शर्ट बदलून घरी येतो. पहिल्या दिवशी भिंगरीने मला हुंगून पाहिलं आणि विचारलं, "बाबा, आज कामावर गेला नव्हतात?"

धाकटा

६ मार्च

ताई,

काल बुधवार होता. जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर मी काहीतरी गाळीन.

रोजच्या पंपाला त्यांनी मागच्या खेपेला एक छोटा बिल्ला बसवून दिला होता. पंप दाबला की त्यात नोंद होते. हा रोजचा पंप म्हणजे छाती शांत ठेवणारा, दम लागल्यावर द्यायचा तो वेगळा, हे तुला मी शिकवायला नको. सकाळचा माझा, संध्याकाळचा हिचा, अशी आमची वाटणी. फार्मासिस्टने बिल्ला यंत्राला लावला आणि कागद पुढे सरकवला. अठ्ठावीस दिवस. हिचे सव्वीस. माझे नऊ.

नऊ, ताई. मी शपथेवर सांगितलं असतं की मी रोज देतो. सकाळी सिलिंडरांची गाडी लवकर निघते, मी दारातून ओरडतो 'पंप घे गं', ती 'हो' म्हणते, आणि माझ्या लेखी पंप दिला गेला. डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "पुष्कळ घरांत असंच असतं. हे कळलं ते चांगलं झालं."

मग समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना बाहेर बोलावलं. भिंगरी आत कागदावर काहीतरी रंगवत होती. बाई म्हणाल्या, वर्गात दम लागला तरी भिंगरी बाईंना सांगत नाही, माहीत आहे का? आम्हाला कुठलं माहीत. मी म्हटलं, लाजत असेल. त्या म्हणाल्या, लाजत नाही. तिला तिच्या वर्गाच्या बाई फार आवडतात. ती म्हणाली, "ज्यांच्याकडे मला दम लागतो, त्यांना बाबा घालवून देतात. आत्याला दिलं."

ही तिथेच भिंतीला टेकून रडली. मी पाणी आणायच्या निमित्ताने जिन्यात जाऊन उभा राहिलो. पोर दम कोंडून बसते वर्गात, कशासाठी, तर बाईंची नोकरी वाचवायला. माझ्यापासून वाचवायला.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी तुझा कागद वाचला. चष्मा वर करून पुन्हा वाचला. फार्मासिस्टला दाखवला, नर्सला दाखवला. म्हणाल्या, "या बाईंनी सगळं बरोबर केलंय. आमच्या नर्सनेही याहून वेगळं काही केलं नसतं." मग म्हणाल्या, "मग औषध गेलं कुठे?" आणि मला विचारलं की त्या दुपारचा पंप कुठे आहे, तो आणून द्या.

मी घरी येऊन शोधला. सापडला नाही. हॉस्पिटलातच गहाळ झाला असणार.

तू बरोबर केलंस असं त्या म्हणाल्या, ते मी जसंच्या तसं कळवलंय. माझ्याकडून आणखी काय हवंय ते मला कळत नाही.

धाकटा

१२ मार्च

ताई,

पंप सापडला नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. तो कधी हरवलाच नव्हता. भिंगरीला सोडलं त्या दिवशी हॉस्पिटलने तिच्या चपला, फ्रॉक आणि तो पंप एका पिशवीत घालून दिला होता, ती पिशवी मी गाठ न सोडता माळ्यावर टाकली होती. पत्र पेटीत टाकून आलो आणि दुसऱ्या दिवशी शिडी लावून ती खाली काढली.

घरी उघडायचा धीर झाला नाही. दुकानात नेली. माझ्या वजनकाट्यावर पंप ठेवला. माझा काटा सिलिंडरचा, त्याच्यावर चाळीस किलो ठेव, बरोबर सांगेल. पंपाला त्याने शून्य दाखवलं. मी उचलून पुन्हा ठेवला. शून्य. मग कानाशी धरून हलवला, आत काहीतरी डुचमळलं. हवेत दाबला, फुस्स झालं. जीव भांड्यात पडला. म्हटलं, आहे औषध, चूक पंपाची नाही. हे मी मोठ्याने म्हणालो, दुकानात कोणी नसताना. आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं की मी काय करतोय.

तू माझ्या दुकानात बसली आहेस, तुला माहीत आहे मी गिऱ्हाइकांना काय सुनावतो ते. एखादा साहेब सिलिंडर हलवून म्हणतो, 'अहो, भरलेला वाटतोय.' मी म्हणतो, 'साहेब, हलवून कळत नाही. फुस्स केलं म्हणजे आग विझत नाही. वजन करा, तारीख बघा.' बावीस वर्षं हेच वाक्य. माझ्या प्रत्येक सिलिंडरच्या गळ्यात बिल्ला असतो, त्यावर वजन, तारीख, तपासणाऱ्याची सही. आणि स्वतःच्या पोरीचा पंप मी हलवून बघितला.

दुसऱ्या दिवशी बुधवार नव्हता, तरी हॉस्पिटलात गेलो. ही पोस्टातून अर्धी रजा टाकून आली. फार्मासिस्टने ड्रॉवरमधून एक छोटा काटा काढला, सोनाराकडे असतो तसला. आधी त्याच जातीचा कोरा पंप घेतला, प्लास्टिकमधून नुसती डबी काढून ठेवली. अठ्ठावीस ग्रॅम. मग आपली. पंधरा. नेहमीप्रमाणे हळू आवाजात म्हणाला, "दोनशे फवाऱ्यांचा असतो. ते संपले तरी आत गॅस उरतो. आवाज तोच येतो, जिभेला गारही लागतं. देणाऱ्याला कळायचा काही मार्ग नाही, घेणाऱ्यालाही नाही." मी पुढे वाकून ऐकत होतो. मग त्याने विचारलं, "हा बॅगेत कुणी ठेवला होता?"

मी म्हटलं, मी.

ताई, ती तुझ्याकडे निघाली तेव्हा ही म्हणाली होती, नवा पंप बरोबर दे. मी म्हटलं, नवा घरी राहू दे, हा चालतोय अजून. हिच्यासमोर हलवला, दाबून दाखवला आणि बॅगेच्या बाहेरच्या खणात टाकला. हिने दोनदा तो जुना पंप टाकायला काढला होता, दोन्ही वेळा मी परत उचलून ठेवला होता. मला असं काही टाकवत नाही, तुला माहीतच आहे, फुसफुसतंय तोवर चालतंय. रिकामा पंप तुझ्या हातात मी दिला. तू त्या रिकाम्या पंपाने माझ्या पोरीसाठी चाळीस मिनिटं झगडलीस. आणि मी येऊन तुला काय काय बोललो, ते तुझ्या लक्षात असणारच. 'स्वतःला मूल नाही म्हणून कळत नाही,' हेही बोललो. तू हातातली चिठ्ठी फक्त पुढे केलीस.

ती चिठ्ठी माझ्याजवळ सध्या नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. मी ती फाडली होती. तू जिना उतरत होतीस तेव्हा. भिंगरीची आई बघत होती.

आणखी एक राहिलं. भिंगरी शुद्धीवर आल्यावर म्हणाली होती, "आत्याने खूप वेळा पंप दिला, गार गार लागत होतं." मी म्हटलं, गप्प बस, तू आजारी होतीस, तुला काय कळतंय. तिने परत कधी काढलं नाही. काल तिला समोर बसवून सगळं सांगितलं, चूक माझी होती, आत्याची नव्हती. तिने विचारलं, "म्हणजे आत्या परत येऊ शकते?" म्हटलं, ते आत्याने ठरवायचं. मग म्हणाली, "तुम्हाला आता कुणी घालवून देणार का?"

माफ कर असं लिहायला हात उचलत नाही, कारण ते मागायचीही माझी लायकी उरलेली नाही. जे घडलं ते लिहिलं. शेजारी, हिचं माहेर, दुकानातली माणसं, जिथे जिथे मी तुझं नाव घेतलं होतं तिथे जाऊन मी हे सांगतोय. चार घरं झाली. तुझ्या त्या थोरल्या मावससासूबाई राहिल्यात, त्यांच्याकडे जायचं म्हणजे डोक्यावरून दोन तासांचं व्याख्यान जाणार, पण जाईन.

धाकटा

३ एप्रिल

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललो नव्हतो, तरी रोज दुपारी पोस्टमनची वाट बघत दुकानाच्या दारात उभा राहतो. सोमवारी तो म्हणाला, "काका, तुमच्या घरातच पोस्ट आहे, तरी माझ्या मागे का लागता?"

तो हे बोलला आणि ही मागे उभी होती, डबा घेऊन आलेली. म्हणाली, "लांबच्या पेटीत टाकलेली पत्रंसुद्धा छाटणीला आमच्याकडेच येतात. पहिल्यापासून मीच शिक्का मारतेय." आणि तू आणि ती दर रविवारी बोलता, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे भिंगरी दोनदा भरती झाली, तेही तुला तेव्हाच ठाऊक होतं. आपल्या घरात सगळ्यांना सगळं माहीत, आणि मी एकटा गुपचूप पत्रं टाकत फिरतोय. हिनेच सांगितलं की तू शाळेच्या सहलींबरोबर जाणं सोडलंस. कुणाचं पोर सोबत असलं की तुझे हात थरथरतात म्हणे. आधी ऐकलं असतं तर मी म्हटलं असतं, बरं झालं. आता ऐकलं आणि जेवण गेलं नाही.

काल बुधवार झाला. इंजेक्शन तूर्तास लांबणीवर टाकलंय. माझे अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस झाले, डगला दुकानात आहे, बुरशी खरवडून झाली, आणि भिंगरीचा फुंकण्याचा आकडा वर चढलाय. तीन महिने बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. व्यायामाच्या बाईंनी तिला जिना चढताना श्वास कसा सोडायचा ते शिकवलं, आता ती मला शिकवते, मी चुकलो की ओरडते. आणि परवा तिने वर्गात हात वर करून बाईंना सांगितलं, दम लागतोय. बाईंनी पंप दिला, दहा मिनिटांत बरी झाली. घरी येऊन पहिलं काय बोलली असेल, तर "बाई अजून शाळेत आहेत."

नर्सच्या फॉर्मवर एक ओळ आहे. मूल आणखी कोणत्या घरी राहतं, आणि तिथे औषध देणारं माणूस कोण. फेब्रुवारीत मी त्यावर 'कोणत्याही नाही' असं लिहिलं होतं. काल नर्सने फॉर्म पुन्हा पुढे केला, म्हणाली, काही बदललंय का? मी पेन हातात धरून बसलो. भिंगरी कोपराला लटकून बघत होती. म्हटलं, हे मला विचारून लिहावं लागेल.

तर विचारतोय. या पत्राबरोबर एक पार्सल आहे. आत कोरा पंप आहे, नळी आहे, दम लागला तर काय करायचं त्याचा कागद आहे, नर्सच्या हातचा. पंपाच्या गळ्यात मी बिल्ला बांधलाय, माझ्या सिलिंडरांना असतो तसलाच. वजन, तारीख, किती फवारे. 'तपासणारा' पुढची जागा भिंगरीने मला भरू दिली नाही. म्हणाली, तुमचं तपासणं राहू दे.

हा पंप तुझ्या घरी राहावा असं आम्हा तिघांना वाटतं. पोर येवो न येवो, तो तिथे असावा. तुला नको असेल तर परत पाठव, मी एक शब्द बोलणार नाही. तुझ्या हातांना सवड लागत असेल तर तेवढी घे.

तुझा धाकटा

१५ एप्रिल

ताई,

कार्ड मिळालं. घरच्या पत्त्यावर, उघडं, सगळ्या पोस्टाने वाचलेलं. हिने खिडकी बंद करून ते स्वतः दुकानात आणून दिलं.

'प्रिय' अजूनही नाही. एकच ओळ: 'शाळेच्या तराजूवर वजन केलं. अठ्ठावीस पूर्णांक दोन. बिल्ल्यावर सही केली. शनिवारी पाठव.'

माझ्या शब्दावर विसंबली नाहीस, स्वतः वजन केलंस. फार बरं केलंस. भिंगरीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "आत्याला दशांश येतो, बाबांना येत नाही." तिची बॅग भरून झाली आहे. आज मंगळवार आहे.

शनिवारी मीच घेऊन येतो. दारातूनच परत जायला सांगितलंस तरी चालेल. तिला आणून सोडतो आणि बॅगेच्या बाहेरच्या खणात हात घालून तुझ्यासमोर दुसरा पंप काढतो. शाळेचा तराजू घरी आणून टेबलावर ठेव.

तुझा भडका
(तू ठेवलेलं नाव. त्यावर आग विझवायचा धंदा काढला म्हणून हसायचीस ना, हस.)